परभणीच्या गच्चीवर नर्गिस: बुटके आणि रानजातीचे डॅफोडिल कुणी लावलेत का?

कंदवेडी (परभणी) – १२ ऑक्टोबर

दसरा झाला की कंद विकणाऱ्यांच्या जाहिराती सुरू होतात आणि पाठोपाठ बागकामाच्या प्रत्येक गटावर तोच प्रश्न येतो: डॅफोडिल आपल्याकडं येतो का? उत्तरही ठरलेलं. नाही, त्याला थंडी लागते. हे अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यावर कुणी बोलत नाही, म्हणून धागा काढतेय.

कॅलेंडरवर दिसतो तो मोठ्या पिवळ्या भोंग्याचा डॅफोडिल मात्र विसरा. त्याच्या कंदाला सलग १२ ते १६ आठवडे ५ ते ९ अंशांची थंडी हवी असते. परभणी थंडीसाठी पेपरात येते हे खरं. एखाद्या लाटेत पारा ५ च्या खाली जातो, पण तो चार पहाटेंपुरता. एरवी डिसेंबरात रात्री १२-१३ आणि दुपारी २९-३०. सकाळी घातलेला स्वेटर अकराला काढून ठेवावा लागतो, तिथं भोंगेवाला काय फुलणार!

पण नार्सिससच्या (डॅफोडिलच्या अख्ख्या कुळाचं शास्त्रीय नाव) बहुतेक रानजाती मुळात स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोच्या. तिकडं पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा ठणठणीत कोरडा. पावसात वाढायचं, फुलायचं, ऊन तापलं की पात वाळवून कंदात झोपून जायचं, ही त्या झाडाची रीत. त्यातलीच टॅझेटा मंडळी, म्हणजे आपला नर्गिस, भूमध्य समुद्रापासून इराण-काश्मीरपर्यंत पसरलेली. एका दांड्यावर छोट्या फुलांचा झुबका आणि वास असा की जिन्यातच कळतं. याला थंडीचा हप्ता भरावा लागत नाही. उलट याच्या कंदात फुलाचा कोंब घडतो तो कंद झोपेत असताना, २५ ते ३० अंशांच्या उबेत.

आता आपल्याकडं बघा. हिवाळा कोरडा, म्हणजे पाणी आपण द्यायचं. उन्हाळा कोरडा, ते तर त्याला हवंच. घोळ आहे तो जून ते सप्टेंबरचा. कंद झोपलेला आणि वरून पावसाची झड, खाली आपली काळी माती. ती एकदा भिजली की आठवडाभर वाफसा येत नाही. मराठवाड्यात नर्गिस उन्हानं मरत नाही, पावसानं मरतो. मे महिन्यात सगळे त्याला सावली करायला धावतात आणि जुलैत तसाच भिजत ठेवतात.

म्हणून मी कांद्यासारखं करते. मार्चमध्ये पात पिवळी पडायला लागली की पाणी तोडायचं. एप्रिलमध्ये कंद काढायचे, धुवायचे नाहीत, सावलीत सुकवून जाळीच्या गोणीत भरून हवेशीर खोलीत टांगायचे. पत्र्याच्या खोलीत नको, तिथं मे महिन्यात भट्टी होते. मृगाचा पाऊस पडला की घरातलं तापमान आपोआप ३० च्या आत येतं आणि सप्टेंबरपर्यंत तसंच राहतं. फुलाच्या कोंबाला नेमकं तेच पाहिजे. म्हणजे जो पावसाळा जमिनीतल्या कंदाला कुजवतो, तोच खुंटीवरच्या कंदात फूल घडवतो. कंद फक्त कोरडा पाहिजे.

लागवड ऑक्टोबर हीट सरल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यात. घाई केली तर गरम मातीत तळकूज हमखास. मातीची कुंडी, त्यात निम्मा बारीक मुरूम आणि विटांचा चुरा, उरलेल्यात पोयटा आणि थोडं जुनं शेणखत. कोकोपीट नको, ओल धरून बसतं. बोअरचं जड पाणी चालतं. टॅझेटा आणि जाँक्विल (कुळातलीच बारीक पातीची, वासाची मंडळी) या दोघांना चुन्याची माती आवडते, आणि चुनखडीला आपल्याकडं काय तोटा!

खरी हौस बुटक्यांची आहे. वीतभर उंचीची, रुपयाएवढ्या फुलांची ही झाडं कुंडीत शोभतात तशी मोठी शोभत नाहीत. बल्बोकोडियमचं फूल घेरदार परकरासारखं, पाकळ्या नावापुरत्या. कँटाब्रिकस त्याचाच पांढरा भाऊ, भर हिवाळ्यात फुलणारा. रोमियूक्सी मोरोक्कोच्या ॲटलस डोंगरातला, फिकट लिंबू रंगाचा. व्हिरिडिफ्लोरस तर हिरव्या फुलांचा आणि शरदातच फुलणारा. यातलं कुणी बियांपासून वाढवलंय का?

आणि दुसरं, मला संकर करायचाय. नर्गिसचा वास, बुटकी चण आणि आपलं ऊन सोसणारं काहीतरी. माझ्याकडे सध्या पेपरव्हाइट हा पांढरा नर्गिस आहे, त्यातला नर्सरीत मिळतो तोच 'झिवा' वाण. जोडीला कोण काय देऊ शकेल?

लातूरकर_बुवा – १२ ऑक्टोबर

ताई, लई भारी लिहिलंय. पण आमच्या लातुरात पाणी मोजून पिणारी माणसं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं गावाला, ते अजून कुणी विसरलं नाही. आमच्या मंडळी मला आत्ताच म्हणलालेत, माणसाला पाणी नाही आन् तुमच्या फुलाला कुठून आणायचं?

कंदवेडी – १२ ऑक्टोबर

बुवा, वहिनींना सांगा, यासारखं समजूतदार झाड दुसरं नाही. याला पाणी लागतं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही कुंडीला आठवड्यातून दोनदा तांब्या-दोन तांबे. टँकर सुरू होतात तेव्हा हा गोणीत झोपलेला असतो. गुलाब, मोगरा, जास्वंद मे महिन्यात रोज पाणी मागतात. हा एक थेंबही मागत नाही.

उगाच_शंका – १३ ऑक्टोबर

एवढा खटाटोप कशाला? निशिगंध लावा. कंदच आहे, वासही आहे, हारवाले घरी येऊन घेऊन जातात.

कंदवेडी – १३ ऑक्टोबर

निशिगंध आहेच की. तो पावसाळ्यात फुलतो, हा डिसेंबर-जानेवारीत. एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

शेवंता (जालना) – १३ ऑक्टोबर

वाचतेय. गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेल्या कंदांतले निम्मे मऊ निघाले. विक्रेत्याचं म्हणणं, कुरिअरमध्ये झालं असेल. पैसे परत नाहीतच, वर 'ऑरगॅनिक आहे म्हणून' असंही ऐकवलं. चांगला कंद कसा ओळखायचा ते कुणी नीट सांगेल का?

परागकण (छ. संभाजीनगर) – १३ ऑक्टोबर

शेवंताताई, कंद उलटा धरा. मुळं फुटतात ती चकती अंगठ्यानं दाबा. कडक असेल तर घ्या. दबली तर तो कंद गेला म्हणून समजा. कापून पाहिलात तर चकतीपासून वर चॉकलेटी रंग चढत गेलेला दिसेल. ती फ्युझेरियम बुरशी. नार्सिससवर तिचा खास वाण आहे आणि तिला गरम जमीन मानवते. एक कुजका कंद गोणीत राहिला की शेजारचे घेऊन जातो.

दुसरा शत्रू सूत्रकृमी, दोऱ्यासारखा अगदी बारीक किडा. कंद आडवा कापल्यावर तपकिरी वर्तुळं दिसली तर तो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातला डॅफोडिलचा धंदा याच्यामुळं बुडायला आला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनजवळच्या विस्लीच्या बागेत जेम्स रॅम्सबॉटम यांनी गरम पाण्याचा उपाय शोधला. आजही मोठे उत्पादक कंद ४४.४ अंशांच्या पाण्यात ३ तास ठेवतात. सूत्रकृमी मरतो, कंद जगतो. घरी करायचं तर थर्मामीटर हवाच. जास्त वर गेलं तर कंद शिजतो, खाली राहिलं तर कृमी जगतो. दहा-वीस कंदांसाठी मी तरी हे करणार नाही, संशयित कंद सरळ जाळून टाकेन.

आणि कृपा करून हे कंद स्वयंपाकघरात ठेवू नका. दिसायला हुबेहूब कांदा, पण आत लायकोरीन नावाचं विष. कांदा समजून खाऊन लोकांना भरपूर उलट्या झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. त्याच विषारीपणामुळं उंदीर आणि शेळ्या याच्या वाटेला जात नाहीत, हा फायदा.

लातूरकर_बुवा – १३ ऑक्टोबर

शेळ्या खात नाहीत म्हणजे आमचं अर्धं काम झालं 😀 आमच्या गल्लीत शेळीनं न खाल्लेलं एकच झाड आहे, ते निवडुंग.

नांदेडची_लेक (ह्यूस्टन) – १४ ऑक्टोबर

धागा बघून राहवलं नाही. इंग्लंडच्या याद्या वाचून आपल्याकडं बाग करू नका, टेक्सास-लुईझियानाच्या वाचा. इकडंही हिवाळा नावालाच आणि उन्हाळा नांदेडची आठवण करून देणारा. इथल्या पडक्या घरांच्या आवारात माणसं कधीच निघून गेलीत, पण टॅझेटा आणि जाँक्विल दर जानेवारीत फुलतात. 'ग्रँड प्रायमो', 'अर्लिचिअर', साधा पेपरव्हाइट, आणि जाँक्विला ही रानजात. जाँक्विलाची पात लव्हाळ्यासारखी गोल, बारीक. फूल छोटं, गडद पिवळं, वास अत्तरासारखा. कंदवेडीताईंच्या 'बुटकी चण अधिक वास' या हट्टाला हाच खरा जोडीदार.

फरक एवढाच की इकडं जिथं वाळूची जमीन आहे तिथं उन्हाळ्यात पाऊस पडला तरी ती निचरून जाते. काळ्या मातीत ते होणार नाही. त्यामुळं कंद काढून टांगायचा मुद्दा मला शंभर टक्के पटला.

इथून कंद पाठव म्हणून खासगी निरोप येण्याआधीच सांगते, आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर कंद भारतात आणता येत नाहीत. २००३ चा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे. बॅगेत लपवून आणायचं मला सांगू नका.

अंबाजोगाई_एक्सप्रेस – १७ ऑक्टोबर

(आमच्या गावाला रेल्वे नाही, नावावर जाऊ नका.)

मी 'तेत-आ-तेत' लावलाय. वीतभर उंच, एका दांड्यावर एक ते तीन पिवळी फुलं. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या ॲलेक ग्रे यांनी काढलेला वाण, १९४९ ला नोंदलेला. जगात कुंडीतला सगळ्यांत जास्त खपणारा बुटका डॅफोडिल बहुतेक हाच. याच्या रक्तात सायक्लामिनियस ही बुटकी रानजात आहे आणि 'ग्रँड सोलेय दोर' हा पिवळा टॅझेटाही. टॅझेटाचा अंश म्हणून वाटलं, आपल्याकडं चालेल. तर उत्तर: फ्रिज दिला तर चालतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर कागदी पिशवीत फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, मग कुंडीत. आमच्याकडं बालाघाटाची थोडी उंची आहे, जानेवारीत फुलतो. दुसऱ्या वर्षी मात्र नुसती पात येते. फुलवायचाच असेल तर दरवर्षी नवा कंद, म्हणजे पाहुण्यासारखं वागवायचं.

त्या कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कंदातला तयार कोंब आतल्या आत जळतो.

उगाच_शंका – १७ ऑक्टोबर

थांबा. मी तर वाचलंय की नर्गिसच्या कंदांना मुद्दाम धूर देतात आणि धुरातला इथिलीनच फुलं आणतो. कोंब जाळणारा आणि फूल आणणारा वायू एकच कसा?

परागकण – १८ ऑक्टोबर

शंकासाहेब, या वेळी प्रश्न बरोबर आहे (एरवीचं बोलत नाही). दोन्ही खरं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या सिली बेटांवर 'सोलेय दोर'च्या शेतावर उन्हाळ्यात पेंढा जाळायची जुनी पद्धत होती, नंतर प्लास्टिकखाली धूर सोडायला लागले. फुलं लवकर आणि जास्त येतात. पण ते कंद तेव्हा गाढ झोपेत असतात आणि आत फूल अजून घडायचं असतं. त्या वेळी इथिलीन म्हणजे उठायची हाक. फ्रिजमधल्या कंदात फूल घडून बसलेलं असतं, त्याला तोच वायू मारक. शिवाय धुराचा फायदा टॅझेटाला, सगळ्या डॅफोडिलना नाही.

लातूरकर_बुवा – १८ ऑक्टोबर

म्हणजे गोवऱ्या आन् लिंबाच्या पाल्याचा धूर चालंल की! गोठ्यात डासाला करतोच रोज संध्याकाळी. पुढल्या मे-जूनला गोणी तिथंच टांगतो.

कंदवेडी – १८ ऑक्टोबर

चालेल बुवा, फक्त धूर लागू द्या, धग नको. आणि निम्मे कंद बिनधुराचे ठेवा, नाहीतर फरक पडला का ते कळणारच नाही.

परागकण – २२ ऑक्टोबर

संकराबद्दल सविस्तर लिहायचं राहिलं होतं. थोडं लांबेल.

पहिली अडचण गुणसूत्रांची. जाँक्विलात १४, टॅझेटात बहुधा २०, पेपरव्हाइटमध्ये २२. 'सोलेय दोर' आणि चिनी नर्गिस यांच्यात ३०, म्हणजे दहाचे दोनाऐवजी तीन संच, तिप्पट. तिप्पटवाल्यांची बीजं बनताना जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून ते फुलतात झकास, पण बी धरत नाहीत. 'तेत-आ-तेत'मध्ये २४, सात अधिक सात अधिक दहा, तोही वांझ. पण बिघडलं कुठं? वांझ रोपही कंदानं वाढतं. आज जगभर जेवढे 'तेत-आ-तेत' आहेत ते सगळे एकाच रोपाचे तुकडे. म्हणजे हजार रोपांत एक चांगलं निघालं तरी काम झालं.

दुसरी अडचण जास्त फसवी. कंदवेडीताईंकडे 'झिवा' आहे, बुवा घेतील तोही 'झिवा'च असणार, कारण बाजारात तोच. इस्राएलमध्ये निवडलेला हा एकच वाण, जगभर कंदानं वाढवलेला. परभणीचा 'झिवा' आणि लातूरचा 'झिवा' ही दोन झाडं नव्हेत, एकच झाड आहे. टॅझेटा मंडळी स्वतःचे पराग सहसा स्वीकारत नाहीत. त्यामुळं गल्लीभर 'झिवा' असून मधमाश्या दिवसभर राबल्या तरी बोंड रिकामं. लोक म्हणतात आपल्या हवेत बी धरत नाही. हवेचा काही दोष नाही, स्थळ एकाच घरातलं आहे.

तर दुसऱ्या मुळाचा नर्गिस शोधा. हिमाचल-काश्मीरकडून येणारे, जुन्या वाड्यांतले, कुणाच्या शेतातल्या विहिरीजवळचे.

शेवंता – २२ ऑक्टोबर

माझ्या आजोळी, संभाजीनगरच्या जुन्या भागात, पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळी वाटी असलेला नर्गिस आहे. आजी निजामाच्या काळापासून आहे म्हणते. घरात नर्गिसच म्हणतात त्याला. डॅफोडिलचा भाऊ आहे हे मला याच धाग्यावर कळलं.

परागकण – २२ ऑक्टोबर

वा! फुलला की मला एक दांडा द्या, मी तिथंच आहे. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पराग बघून सांगतो.

कंदवेडी – ४ डिसेंबर

धागा वर काढतेय. नोव्हेंबरच्या मध्यात लावलेल्या कुंड्यांत पात वीतभर आलीय, दोन कुंड्यांत दांडे दिसतायत. पेपरव्हाइट नेहमीप्रमाणं ताडमाड चाललाय, फुलं आली की लोळणार.

नांदेडची_लेक – ४ डिसेंबर

त्याला दारू पाजा. चेष्टा नाही, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात यावर काम झालंय. पाण्यात ४ ते ६ टक्के अल्कोहोल असेल तर मुळांना पाणी ओढायला कष्ट पडतात, पात आणि दांडा तिसऱ्या हिश्शानं बुटका राहतो, फूल मात्र तेवढंच. ७० टक्क्यांचं मेडिकलमधलं स्पिरिट असेल तर एका भागाला दहा-अकरा भाग पाणी. बिअर-वाइन नको, साखरेनं कूज लागते. मातीपेक्षा खडे आणि पाण्यात लावलेल्या कंदांना हे सोपं पडतं.

लातूरकर_बुवा – ४ डिसेंबर

हे मंडळींना वाचून दाखवलं नाही. कपाटातली बाटली 'फुलासाठी हाय' म्हणायची सोय झाली 😀

अंबाजोगाई_एक्सप्रेस – ५ डिसेंबर

अवांतर: आमच्या शेजारच्या काकूंना पेपरव्हाइटचा वास अजिबात सहन होत नाही, गोठ्यासारखा येतो म्हणतात. मला तर आवडतो.

परागकण – ५ डिसेंबर

अवांतर नाही. त्यात इंडोल नावाचं रसायन असतं. तेच मोगऱ्यातही असतं, प्रमाण कमी-जास्त. कुणाच्या नाकाला ते फूल वाटतं, कुणाच्या नाकाला गोठा. काकूंची चूक नाही. संकरातलं वेगळं रोप कदाचित त्यांनाही आवडेल.

परागकण – ९ जानेवारी

शेवंताताईंच्या आजींचा नर्गिस फुलला. दांडा मिळाला, आभार. काचपट्टीवर पराग घेऊन ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकला. जिवंत पराग गोल, टपोरा, लालभडक रंगतो. इथं बहुतेक सगळे सुरकुतलेले, फिके, रिकाम्या सालीसारखे. मधेच एखादा बरा. म्हणजे हा बहुधा तिप्पट संचाचा, चिनी नर्गिसच्या गोतावळ्यातला. बाप म्हणून उपयोग नाही, आई म्हणूनही नाही.

वाईट वाटून घेऊ नका. झाड उत्तम आहे, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या उन्हा-पावसात टिकलंय, हेच त्याचं मोल. ते वाढवायला हवं. पात वाळल्यावर एक मोठा कंद काढा आणि सुरीनं उभे आठ-दहा काप करा. प्रत्येक कापाला तळाच्या चकतीचा तुकडा पाहिजेच, तो नसेल तर काहीच फुटत नाही. बुरशीनाशकात बुडवून, ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारा हलका खनिज भुगा) घालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. २० अंशांच्या आसपास १२ आठवड्यांत पापुद्र्यांच्या बेचक्यात वाटाण्याएवढे कंद धरतात. एप्रिलमध्ये २० अंश घरात मिळणार नाहीत, आमच्या प्रयोगशाळेत ठेवतो.

शेवंता – ९ जानेवारी

आजीला सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊकच होतं, इतक्या वर्षांत एक बी दिसलं नाही. मग आधी सांगायचं ना! कापायला मात्र एकच कंद देणार म्हणतेय, तोही तिच्यासमोर.

अंबाजोगाई_एक्सप्रेस – १० जानेवारी

माझ्याकडे आहे तो मी इतके दिवस सांगितलाच नाही, कारण दिसायला साधाच. हिमाचलहून एका दुकानातून किलोवर घेतलेले पांढरे नर्गिस, वाण-बिण काही नाही, 'मिक्स' लिहिलेलं. त्यात दोन-तीन प्रकारची झाडं दिसतात. एक लवकर फुलतो, एकाची वाटी जराशी पिवळसर. बिनवासाचा एकही नाही. पराग पाठवू का?

परागकण – १० जानेवारी

अहो, हेच तर हवं होतं! तीनही प्रकार वेगवेगळे पाठवा.

फूल उमलल्याच्या दिवशीच परागकोश चिमट्यानं काढा. नर्गिसात सहा असतात, तीन नळीच्या तोंडाशी, तीन आत खाली. खालचे विसरू नका. दिवसभर कागदावर सावलीत सुकू द्या, मग औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरा. कॅप्सूल छोट्या डबीत आणि सोबत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी. फ्रिजमध्ये काही आठवडे सहज टिकतात.

कंदवेडीताई, तुमच्याकडं आईचं फूल उमलायच्या आदल्या दिवशी उघडा. नळी नखानं उभी चिरून पाकळ्या ओढल्या की परागकोशही त्यांच्याबरोबर येतात, ते पाकळ्यांच्या नळीलाच चिकटलेले असतात. मधे राहतो नुसता स्त्रीकेसर. पाकळ्या नाहीत म्हटल्यावर मधमाशीही फिरकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोक ओलसर, चिकट दिसलं की कॅप्सूलमधले पराग ब्रशनं लावा. सकाळी, ऊन चढायच्या आत.

कंदवेडी – ११ जानेवारी

करते. दांड्यावरची तीन-चारच फुलं ठेवून बाकी खुडीन, म्हणजे बोंडं पोसतील. खताला आमच्याकडं डाळिंबवाले वापरतात ते ०:०:५०, म्हणजे नुसतं पालाशचं खत आहे, पातळ करून देईन. नत्र नको, कंद पिलपिला होतो.

काळजी मार्चची आहे. बोंड पिकायला दीड-दोन महिने लागणार आणि तेव्हाच ऊन तापतं. त्या कुंड्यांना बोंड पिवळं पडेपर्यंत पाणी चालू ठेवणार, दुपारी भिंतीच्या पूर्वेकडच्या सावलीत.

उगाच_शंका – ११ जानेवारी

बी पेरल्यापासून फूल कधी?

परागकण – ११ जानेवारी

तीन ते पाच वर्षं. पहिल्या वर्षी गवताच्या काडीसारखं एकच पान. तुमच्यासारखा कुणी हरळी समजून उपटणार नाही एवढं बघायचं.

उगाच_शंका – ११ जानेवारी

पाच वर्षं! तेवढ्यात माझी शंका फिटेल. बरं, एक कुंडी मलाही द्या. निशिगंधाशेजारी ठेवतो.

लातूरकर_बुवा – १२ जानेवारी

मला पण बी पाहिजे. आन् बोंड फुटून बी उडून गेलं तर?

कंदवेडी – १२ जानेवारी

बोंडावर मलमलची पिशवी बांधणार, दोरा सैल. काळं चकचकीत बी पिशवीतच पडेल. पावसाळाभर कागदाच्या पाकिटात कोरडं ठेवायचं आणि नोव्हेंबरात पेरायचं, तुमच्याकडंही तेव्हाच.

एक्सप्रेसदादा, तीनही कॅप्सूलवर वेगळ्या खुणा करा आणि डबीत चिठ्ठी टाका. मी पाटीवर पेन्सिलनं लिहिते, मार्कर उन्हात उडून जातो. आईचं नाव आधी, मग फुली, मग बापाचं. जगभर हीच रीत आहे, त्यामुळं परभणीचा 'झिवा' पुढे, अंबाजोगाई मागे. डबी कधी निघेल?

अंबाजोगाई_एक्सप्रेस – १२ जानेवारी

लवकर फुलणाऱ्याचे पराग आजच काढले, सुकायला ठेवलेत. पिवळसर वाटीचा अजून कळीत आहे. सोमवारी कुरिअरवाला सुट्टीवर, मंगळवारच्या एसटीनं ओळखीच्या कंडक्टरकडं देतो. परभणी स्टँडवर संध्याकाळी पाचला कुणाला तरी पाठवा.

कंदवेडी – १२ जानेवारी

मीच येते.